खानेसुमारी आणि हदबंदी

नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही निवडणुकीचा पाठ घेत होतो. फळ्यावर उर्दूत ‘हलका-ए-इंतिखाब’ लिहिले आणि शेजारी मराठीत ‘मतदारसंघ’. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “सर, दापोलीचा आमदार आहे, गुहागरचा आहे, चिपळूणचा आहे. मग खेडचा का नाही? खेड तर तालुका आहे ना?”

प्रश्न साधा होता. खेड हे तालुक्याचे गाव आहे, नगरपरिषद आहे, रेल्वे स्टेशन आहे, मुंबई-गोवा महामार्ग जवळून जातो. २००४ पर्यंत खेड नावाचा विधानसभा मतदारसंघही होता. २००९ च्या निवडणुकीत तो नव्हता. तालुक्याचे दोन तुकडे झाले. एक दापोलीला जोडला गेला, दुसरा गुहागरला. आमचे गाव गुहागरच्या वाट्याला आले. आमच्या वाडीतल्या वडीलधाऱ्यांनी तोवर गुहागर फक्त लग्नाच्या वऱ्हाडात पाहिले होते, तेही चिपळूणवरून वळसा घालून. आम्हाला मतदानाचा हक्क नुकताच मिळाला होता आणि आमच्या पहिल्या मतदानाच्या चिठ्ठीवर ‘२६४ गुहागर’ असे छापले होते. त्या मुलाला आम्ही त्या दिवशी घाईत काहीतरी उत्तर देऊन बसवले. पण मनाचे समाधान झाले नाही, म्हणून पुढचे काही महिने जमेल तसे वाचत गेलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहोत.

आधी शब्दांविषयी. आज आपण जनगणना म्हणतो, उर्दू शाळेत आम्ही मर्दुमशुमारी शिकवतो. मर्दुम म्हणजे माणसे, शुमारी म्हणजे मोजणी. मुलांना मात्र हमखास वाटते की ही ‘मर्दांची’ मोजणी. रत्नागिरी जिल्ह्यात तरी हा गैरसमज लगेच दूर करावा लागतो, कारण २००१ च्या गणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. जुन्या मराठीत याला खानेसुमारी म्हणत. पेशवाईच्या कागदांतही हा शब्द आहे. खाने म्हणजे घरे. घरे मोजायची, मग माणसे. मतदारसंघांच्या सीमा आखण्याला मराठीत परिसीमन म्हणतात आणि उर्दूत हदबंदी. आम्हाला हदबंदी जवळचा वाटतो. शेताच्या बांधाशी त्याचे नाते आहे.

खानेसुमारी आणि हदबंदी यांची गाठ राज्यघटनेने बांधली. इंग्रजांच्या काळात दशवार्षिक मोजणी होत होती. पहिली १८७२ ची, पण ती सर्वत्र एकाच वेळी झाली नव्हती. एकाच वेळी झालेली पहिली मोजणी १८८१ ची. मात्र त्या काळी कायदेमंडळाच्या जागा निव्वळ डोकी मोजून वाटल्या जात नव्हत्या. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा ठेवल्या आणि त्यांतल्या २९ मुस्लिम मतदारसंघांच्या होत्या. म्हणजे एकाच गावातल्या शेजाऱ्यांची नावे दोन वेगळ्या याद्यांत आणि त्यांचे उमेदवारही वेगळे. सीमारेषा जमिनीवर नव्हती, माणसांमधून जात होती. ती कुठे घेऊन गेली हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. घटना समितीने १९४७ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ रद्द करण्याचे ठरवले. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवण्याचा विचार त्यानंतरही काही काळ होता. मे १९४९ मध्ये तोही सोडून देण्यात आला. तेव्हापासून आपण सगळे जमिनीवर आखलेल्या मतदारसंघांचे मतदार आहोत. ज्यांच्यासाठी वेगळी यादी नाही, त्यांच्यासाठी ही जमिनीवरची रेघ कुठून जाते याला अधिकच महत्त्व येते.

घटनेच्या ८२ आणि १७० या अनुच्छेदांत सांगितले आहे की प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या आणि विधानसभांच्या जागांची फेरआखणी व्हावी, आणि राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या शक्यतो सारखी असावी. हे काम विधानसभेकडे दिलेले नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांची विधिमंडळे स्वतःच्याच सीमा स्वतः आखतात आणि त्याचे परिणाम तिथे दोनशे वर्षांपासून दिसत आले आहेत. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी सही केलेल्या आखणीत एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की वर्तमानपत्राने त्याला सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याची उपमा देऊन ‘जेरीमँडर’ हा शब्दच घडवला. टेनेसी राज्याने तर १९०१ नंतर साठ वर्षे सीमांना हात लावला नाही. लोक शहरात गेले, जागा खेड्यांतच राहिल्या. शेवटी १९६२ च्या ‘बेकर विरुद्ध कार’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की न्यायालय यात लक्ष घालू शकते. दोनच वर्षांनी अलाबामाच्या खटल्यात प्रत्येकाच्या मताचे वजन सारखे असले पाहिजे असा निकाल आला.

आपल्याकडे हे काम स्वतंत्र आयोगाकडे आले. १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ अशा चार वेळा परिसीमन आयोग नेमले गेले. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. राज्यातले काही खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. आयोगाचा आदेश राजपत्रात आला की तो कायद्याइतकाच पक्का. विधानसभेपुढे ठेवतात, पण काना-मात्राही बदलता येत नाही. न्यायालयाचा दरवाजाही जवळजवळ बंद. उज्जैनचे मेघराज कोठारी यांनी आपला मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव केल्याविरुद्ध दाद मागितली होती. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे आदेश न्यायालयात आणता येऊ लागले तर निवडणुका कधी होणारच नाहीत. अमेरिकेत चार वर्षांपूर्वी जो दरवाजा उघडला होता, तो आपल्याकडे मिटला. आम्हाला दोन्ही बाजूंत थोडे तथ्य दिसते.

महाराष्ट्रापुरते पाहू. राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या, १९६२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २६४ जागा होत्या. १९६७ मध्ये २७० झाल्या. १९७१ च्या जनगणनेवरून २८८ ठरल्या आणि १९७८ पासून २८८ च आहेत. या न बदललेल्या आकड्यामागे आणीबाणीतला एक निर्णय आहे. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवले गेले, २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. कारण असे की कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी व्हाव्यात आणि न राबवणाऱ्यांच्या वाढाव्यात हे अन्यायाचे झाले असते. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. फरक इतकाच की या वेळी राज्याची एकूण संख्या तीच ठेवून आतल्या सीमा बदलायला परवानगी मिळाली. आधी त्यासाठी १९९१ चे आकडे घ्यायचे होते. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने २००१ चे घ्यायचे ठरले.

परिणाम असा की १९७८ पासून २००४ पर्यंत सात निवडणुका १९७१ च्या माणसांच्या हिशेबाने झाल्या. १९७१ मध्ये मुंबई शहरात सुमारे ३१ लाख माणसे होती आणि उपनगरात सुमारे २९ लाख. दोघांना १७-१७ जागा मिळाल्या, ते रास्तच होते. २००१ मध्ये शहरात ३३ लाख होते आणि उपनगरात ८६ लाख! तरीही १७ आणि १७ च. कुर्ल्याच्या माणसाच्या मताचे वजन भायखळ्याच्या माणसाच्या मताच्या निम्म्याहूनही कमी झाले होते.

आता २००१ चा हिशेब. हा आम्ही वर्गात फळ्यावर मांडून दाखवला. गणिताच्या सरांनी उसना घेतलेला तास परत मागितला, ती गोष्ट वेगळी. राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार, भागिले २८८. एका जागेला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे. आयोगाने आधी जिल्ह्याजिल्ह्याला जागा वाटल्या, मग जिल्ह्याच्या आत सीमा आखल्या. सरासरीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त चालेल असे धोरण ठेवले. मुंबई शहराच्या ३३ लाख ३८ हजारांना भागले तर ९.९ येतात, जागा मिळाल्या १०. उपनगराला २५.७ येतात, मिळाल्या २६. त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाख ३२ हजार. त्याच्या १३ जागांच्या २४ झाल्या. आणि रत्नागिरी? १६ लाख ९६ हजार ७७७. भागाकार येतो ५.०४. जिल्ह्यात तोवर सात आमदार होते: दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर. पाच उरायचे होते. खेड आणि संगमेश्वर गेले. फळ्यावरचा भागाकार संपला तेव्हा वर्ग शांत होता. एका मुलीने विचारले, “मग यात कोणाची चूक?” भागाकारात चूक नव्हती.

मोठ्या माणसांनाही धक्का बसला. रामदास कदम १९९० पासून सलग चार वेळा खेडचे आमदार होते आणि त्या वेळी विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. २००९ मध्ये ते गुहागरातून उभे राहिले आणि भास्कर जाधव यांच्याकडून हरले. आम्ही त्यांचे मतदार होतो की नव्हतो हा प्रश्न इथे नाही. पण ज्या माणसाच्या दारात वीस वर्षे तालुका जात होता त्याच्या पायाखालची जमीनच दोन भागांत गेली.

आपल्या समाजात या हदबंदीविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. आपले मतदारसंघ मुद्दाम मोडले, असे चहाच्या टपरीपासून जमातीच्या बैठकीपर्यंत बोलले जाते. मुंबईत उमरखाडी, नागपाडा, माझगाव ही नावे विधानसभेच्या यादीतून गेली हे खरे. पण त्याच यादीत मुंब्रा-कळवा, मानखुर्द-शिवाजीनगर ही नावे नव्याने आली, भिवंडी शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले, मालेगावात मालेगाव मध्य झाला. डोंगरी-नागपाड्याच्या खोल्यांत मावेनासे झालेले लोक, १९९२-९३ च्या दंगलीनंतर घर सोडून गेलेले लोक जिथे जाऊन राहिले, तिथे जागा गेल्या. खेड-दापोलीची किती कुटुंबे आज मुंब्र्यात आहेत हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. प्रत्येक घरातून एखादे तरी आहेच. खेडची गेलेली जागा कुणी चोरली नाही. आमचेच लोक ती ठाण्याच्या खाडीपर्यंत घेऊन गेले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

याचा अर्थ तक्रारीला कुठेच आधार नाही असा नव्हे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात दाखवले की उत्तर प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये मुस्लिम वस्ती दाट असलेले बरेच मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आहेत, तर अनुसूचित जातींचे प्रमाण जास्त असलेले काही मतदारसंघ खुलेच आहेत. समितीने अधिक तर्कशुद्ध परिसीमनाची मागणी केली. जम्मू-काश्मीरमध्ये २०२२ च्या आखणीने जम्मूच्या सहा जागा वाढल्या आणि काश्मीर खोऱ्याची एक. आसाममध्ये २०२३ ची आखणी २००१ च्याच आकड्यांवर झाली, आणि मुस्लिमबहुल मतदारसंघ कमी केल्याचा आक्षेप तिथल्या विरोधी पक्षांनी घेतला. जिथे रेघ भागाकाराच्या बाहेर जाते तिथे बोट ठेवावे. पण सगळीकडे एकच कट पाहत राहिलो तर खरी जागा दाखवायची वेळ येते तेव्हा कुणी ऐकत नाही.

जनगणनेच्या तक्त्यातला एक रकाना जागांवर कसा परिणाम करतो याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या राज्यातच आहे. १९५६ नंतर जे बौद्ध झाले ते केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून बाहेर पडले होते. १९७१ च्या मोजणीत ते त्या रकान्यात नव्हते, म्हणून महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १८ जागा मिळाल्या. १९९० मध्ये कायदा बदलला आणि बौद्धांचा समावेश झाला. पण जागा १९७१ वर गोठलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्यक्ष लाभ २००८ च्या आदेशापर्यंत मिळाला नाही. मग १८ च्या २९ झाल्या. अनुसूचित जमातींच्या २२ च्या २५ झाल्या. माणसे तीच, गावे तीच. फक्त प्रगणकाने त्यांना कुठल्या रकान्यात लिहायचे ते बदलले.

प्रगणकाचे काम आम्ही स्वतः केले आहे. २०११ मध्ये आम्ही डी.एड. करून नुकतेच नोकरीला लागलो होतो, बी.एड. पुढे झाले. ९ ते २८ फेब्रुवारी गणना, २८ च्या रात्री बेघरांची नोंद, मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी. आमच्या गटात एक मोहल्ला होता. दुबई-कुवेतच्या पैशांतून बांधलेली चिऱ्याची मोठी घरे, गॅलरीला ग्रिल, दाराला कुलूप. कुलपामागे कुलूप. एका घरात एक खाला एकट्या होत्या. आम्ही विचारले, घरात किती माणसे? त्या म्हणाल्या, सहा. चार मुलगे, एक सून, एक मी. मुलगे कुठे? दोन मुंब्र्याला, एक दुबईला, धाकटा जहाजावर. सून? मुंब्र्याला. नियमाप्रमाणे मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही त्याला तिथे लिहायचे नाही. मुंब्र्याचे तिघे मुंब्र्यात लिहिले जाणार होते. दुबईचा कुठेच नाही. आम्ही खालांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि रेशन कार्ड पुढे केले. “हे बघ मास्तर, सरकारनेच सहा लिहिलेत.” आम्ही तक्त्यात एकच लिहिले. त्यांनी चहा दिला, पण पुढच्या वर्षी बाजारात दिसल्या तेव्हा बोलल्या नाहीत.

त्या चार मुलांपैकी दोघांची नावे आमच्याच मतदार यादीत होती. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरून येतात, त्यांतून तेही येत असत. म्हणजे गावात मत आहे, गावात माणूस नाही. हदबंदी मतदार मोजत नाही, लोकसंख्या मोजते. कोकणाची गोम नेमकी इथे आहे.

त्या वर्षीची अंतिम मोजणी आली तेव्हा रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख १५ हजार ६९ होती. दहा वर्षांत ८१ हजार ७०८ ने कमी. सिंधुदुर्ग ८ लाख ४९ हजार ६५१, तोही घटला. राज्यात लोकसंख्या घटलेले तीनच जिल्हे होते: हे दोन आणि मुंबई शहर. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत एकच जिल्हा होता; बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना तो विभागला गेला. कारभार लोकांच्या जवळ यावा हा हेतू होता. आमदार मात्र पुढे लांब गेले. २०११ च्या आकड्यांनी २८८ जागा वाटल्या असत्या तर सरासरी ३ लाख ९० हजार आली असती. रत्नागिरीला ४.१ आणि सिंधुदुर्गाला २.२. म्हणजे पाचाचे चार आणि तिनाचे दोन. अखंड ठाणे जिल्ह्याला मात्र २८. २०११ चे आकडे त्या कामाला वापरायचे नव्हते म्हणून हे घडले नाही, इतकेच.

भागाकार रास्त आहे हे आम्ही वर सांगितले आणि त्यावर कायम आहोत. पण कायद्यातच लोकसंख्येच्या बरोबरीने आणखी काही गोष्टी लिहिलेल्या आहेत: भूभाग सलग असावा, नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. सह्याद्रीच्या कुशीतल्या खेडच्या वाड्या आणि समुद्रकाठचे गुहागर यांच्या मधे खाड्या आहेत, घाट आहेत. पावसाळ्यात हे अंतर नकाशावर दिसते त्याच्या दुप्पट होते. जिथे माणसे विरळ आणि वाट अवघड तिथे दहा टक्क्यांची सवलत पुरी वापरली, तरी ती अपुरीच पडते. हे मांडायला आयोगाच्या जाहीर बैठका होत्या, हरकतींना मुदत होती. आमच्या भागातून त्या वेळी किती जणांनी हरकत लेखी दिली असेल? आमच्या गावातून एकानेही नाही. आम्ही वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “आम्हाला मतदानाच्या दिवशीच कळले.” तेच कशाला, आम्हाला तरी कुठे कळले होते!

जून २०२५ मध्ये पुढच्या जनगणनेची अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला. २०२१ ची मोजणी झालीच नव्हती, म्हणून मधे सोळा वर्षांचे अंतर पडले. ८४ व्या दुरुस्तीतली २०२६ नंतरची अट आणि ही तारीख एकमेकींना भिडतात. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने महिलांच्या राखीव जागाही जनगणनेनंतरच्या परिसीमनाशी जोडल्या होत्या. म्हणून या खेपेला खानेसुमारीचा तक्ता घेऊन दारात येणारा मास्तर केवळ माणसे मोजत नसेल.

मुलांना आम्ही गृहपाठ दिला. प्रत्येकाने आपल्या वाडीतली घरे मोजून आणायची: उघडी किती, बंद किती. ज्याने पहिला प्रश्न विचारला होता त्याने वहीत लिहून आणले: घरे ३८, कुलूप २१. तो पुन्हा उभा राहिला. त्याचे वडील मस्कतला गाडी चालवतात. “सर, अब्बांना मग कोण मोजणार?” आम्ही सांगितले, ओमानमध्येही मर्दुमशुमारी होते, तिथे त्यांना मोजतात, परदेशी म्हणून. त्याने ते वहीत २१ च्या आकड्याखाली लिहून घेतले आणि तास संपल्याची घंटा झाली.